जॅस्पर रिज की सीडर क्रीक: परिसंस्थाशास्त्राच्या संशोधनासाठी विद्यापीठाचे कोणते राखीव क्षेत्र निवडावे?

जैवविविधता किंवा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून अमेरिकेत परिसंस्थाशास्त्रातील डॉक्टरेटसाठी अर्ज करणारे आपल्याकडचे विद्यार्थी विद्यापीठाचे नाव, मार्गदर्शक आणि शिष्यवृत्ती या तीन गोष्टी बारकाईने तपासतात. चौथी गोष्ट मात्र बहुतेकांकडून राहून जाते. विद्यापीठाच्या मालकीची संशोधनभूमी कोणती आहे, तिच्यावर किती वर्षांच्या नोंदी जमल्या आहेत आणि तिथे नवा विद्यार्थी काय करू शकतो, हे पाहिलेच जात नाही. परिसंस्थाशास्त्रात पाच-सहा वर्षांच्या कामाचे भवितव्य बऱ्याच अंशी या जमिनीवर अवलंबून असते, म्हणून येथे दोन राखीव क्षेत्रांची तुलना केली आहे. पहिले कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॅस्पर रिज आणि दुसरे मिनेसोटा विद्यापीठाचे सीडर क्रीक.

जॅस्पर रिज सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सांताक्रूझ डोंगरांच्या पूर्व पायथ्याशी आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,200 एकर, म्हणजे 500 हेक्टरांहून थोडे कमी. एवढ्या लहान जागेत ओकची विरळ वने, रेडवुडची झाडे, काटक झुडपांचे उतार, ओढ्याकाठची झाडी, पाणथळ जागा आणि सर्पेंटाइन खडकावरचा माळ असे अनेक अधिवास चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. 1973 मध्ये विद्यापीठाने या जागेला जैविक राखीव क्षेत्राचा औपचारिक दर्जा दिला, पण संशोधन त्याआधीपासूनच सुरू होते. सीडर क्रीक याच्या साडेचार पटींहून मोठे, सुमारे 5,600 एकरांचे आहे आणि मिनीॲपोलिसच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर आहे. उंच गवताचा प्रेअरी प्रदेश, पानझडी वने आणि उत्तरेची सूचिपर्णी वने तिथे एकत्र येतात. जमीन वाळूची, नत्राने अतिशय गरीब. ही गरिबीच तिथल्या संशोधनाचे भांडवल ठरली, कारण थोडे नत्र घातले तरी वनस्पतींचा प्रतिसाद स्पष्ट दिसतो.

ऋतूंचा विचार आधी करावा. जॅस्पर रिजवर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा पूर्ण कोरडा जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसानंतर उगवलेले गवत मे महिन्यापर्यंत वाळून सोनेरी होते. कोरड्या महिन्यांची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ही लय लवकर समजते, फक्त पाऊस आणि थंडी एकत्र येण्याची सवय करून घ्यावी लागते. सीडर क्रीकमध्ये हिवाळ्यात जमीन गोठते आणि वनस्पतींवरचे जवळजवळ सर्व काम मे ते सप्टेंबर या काळात उरकावे लागते. एखाद्या उन्हाळ्यातला प्रयोग फसला, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

संशोधनाच्या स्वरूपातला फरक मात्र हवामानापेक्षा खोल आहे. जॅस्पर रिजची ओळख ज्या अभ्यासाने झाली, तो स्टॅनफर्डचे जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांनी 1960 मध्ये सुरू केलेला बे चेकरस्पॉट फुलपाखराचा अभ्यास निरीक्षणाचा होता. या फुलपाखराच्या अळ्या मुख्यतः इसबगोलाच्याच वंशातल्या एका बुटक्या वनस्पतीवर जगतात आणि ती वनस्पती सर्पेंटाइन मातीत टिकून आहे. या मातीत मॅग्नेशियम आणि निकेल जास्त, कॅल्शियम कमी, त्यामुळे युरोपातून आलेली गवते तिथे सहजासहजी शिरकाव करू शकत नाहीत. वनस्पती वाळण्याआधी अळीची पुरेशी वाढ झाली तर ती उन्हाळा सुप्तावस्थेत काढते, नाहीतर मरते. अर्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलपाखरांवर खुणा करून दाखवून दिले की एकाच टेकडीवर, काही शे मीटरांच्या अंतरात, जवळजवळ स्वतंत्र अशा वेगवेगळ्या समष्टी, म्हणजे एकाच प्रजातीचे वेगवेगळे गट, नांदत होत्या आणि त्यांची संख्या एकमेकींशी संबंध न ठेवता कमी-जास्त होत होती. पावसाचा लहरीपणा वाढत गेला तसा अळी आणि वनस्पती यांचा मेळ चुकत गेला आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस हे फुलपाखरू जॅस्पर रिजवरून नाहीसे झाले. संरक्षित कुंपणाच्या आत, इतक्या बारीक नजरेखाली, एक प्रजाती संपली. राखीव क्षेत्र आकाराने लहान असले की काय होऊ शकते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही आणि आपल्याकडच्या तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या अधिवासांवर काम करणाऱ्याने हा अभ्यास मुळापासून वाचायलाच हवा.

प्रयोग तिथेही झाले आहेत. 1990च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या जागतिक बदलाच्या प्रयोगात गवताच्या छोट्या वर्तुळाकार वाफ्यांवर कार्बन डायऑक्साइड, तापमान, पाणी आणि नत्र हे चारही घटक वेगवेगळे आणि एकत्रही वाढवून पाहण्यात आले. वाढीव कार्बन डायऑक्साइडमुळे इतर घटकांचा एकत्रित लाभ उलट कमी होऊ शकतो, हा 2002 मधील निष्कर्ष त्या काळच्या अपेक्षांना धक्का देणारा होता.

पण प्रयोग हीच ज्याची पहिली आवड आहे, त्याचे पाऊल सीडर क्रीककडे वळणे स्वाभाविक आहे. 1942 मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी निधन पावलेल्या रेमंड लिंडमन यांनी परिसंस्थेतील ऊर्जेच्या प्रवाहाची कल्पना मांडली, ती इथल्याच सीडर बॉग तळ्याच्या अभ्यासातून. पुढे 1982 पासून डेव्हिड टिलमन यांनी नत्राच्या मात्रा बदलणारे वाफे आखले. 1988च्या भीषण दुष्काळात त्या वाफ्यांपैकी ज्यांत वनस्पतींच्या प्रजाती जास्त होत्या, त्यांचे उत्पादन कमी घटले असे आढळले. यावर रास्त आक्षेप निघाला: त्या वाफ्यांत प्रजातींची संख्या नत्रामुळे बदललेली होती, मग दुष्काळ सोसण्याचे कारण नेमके कोणते मानायचे? ही गाठ सोडवण्यासाठी 9 मीटर बाय 9 मीटरच्या वाफ्यांत चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने 1, 2, 4, 8 किंवा 16 प्रजाती पेरण्यात आल्या आणि पेरलेल्या संख्येत बदल होऊ नये म्हणून त्यांची खुरपणी वर्षानुवर्षे करत राहावी लागली. काही वर्षांतच सोळा प्रजातींच्या वाफ्यांतील वनस्पतींचे वस्तुमान एकाच प्रजातीच्या वाफ्यांच्या सरासरीहून सुमारे 2.7 पट भरले. प्रश्न, शंका, शंकेचे उत्तर देणारी नवी आखणी आणि मग पुन्हा मोजमाप, ही शिस्त शिकण्यासाठी सीडर क्रीकइतकी चांगली जागा क्वचितच असेल.

दीर्घकाळाचे महत्त्वही तिथेच सर्वाधिक कळते. पीटर राइश यांच्या नेतृत्वाखालील बायोकॉन या प्रयोगात, उघड्या शेतात वाढीव कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या वाफ्यांमध्ये, पहिली बारा वर्षे गहू-भाताच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या गवतांना फायदा झाला आणि ज्वारी-उसाच्या पद्धतीच्या गवतांना झाला नाही. पाठ्यपुस्तकात हेच असते. पुढच्या आठ वर्षांत चित्र उलटले. तीन किंवा पाच वर्षांच्या अनुदानावर हा प्रयोग थांबला असता, तर आपण चुकीचा निष्कर्ष ठामपणे शिकवत बसलो असतो.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र माझा कौल जॅस्पर रिजकडे जातो. ते सर्वसामान्यांसाठी खुले नाही. संशोधन, अभ्यासवर्ग आणि मार्गदर्शकांसोबतच्या फेऱ्या एवढ्यासाठीच प्रवेश मिळतो. तिथले मार्गदर्शक, ज्यांना डोसन्ट म्हणतात, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि आसपासचे नागरिक अशा दोन्ही गटांतून येतात. दोन सत्रे ते एकाच वर्गात बसून भूशास्त्र, वनस्पती, कीटक, पक्षी आणि जागेचा मानवी इतिहास शिकतात, त्यात ही भूमी ज्यांची होती त्या ओलोनी लोकांचाही इतिहास येतो, आणि मग इतरांना घेऊन फिरतात. निवृत्त अभियंता आणि वीस वर्षांची विद्यार्थिनी एकाच ओढ्याकाठी एकमेकांकडून शिकत असतील, तर जमिनीभोवती माणसे उभी राहतात. याच मनुष्यबळाच्या जोरावर 1993 पासून अर्जेंटाइन मुंग्यांच्या फैलावाची पाहणी दरवर्षी होत आली आहे. ही परदेशी मुंगी स्थानिक मुंग्यांना हुसकावते, पण तिथली हिवाळी मुंगी पोटातून विषारी स्राव सोडून तिला तोंड देते, हे स्टॅनफर्डच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासवर्गातून सुरू झालेल्या कामात शोधले आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केले. पदवीच्या मुलांच्या हातून असे काम होणे ही त्या रचनेची खरी कमाई आहे. सीडर क्रीकमध्येही शाळांचे वर्ग येतात, उन्हाळ्यात प्रशिक्षणार्थींची मोठी फौज तिथेच राहून काम करते आणि तिथल्या कॅमेऱ्यांतले प्राणी ओळखण्याचा ऑनलाइन उपक्रम पुण्यात बसूनही करता येतो, पण शेजारच्या लोकवस्तीशी इतके जुने आणि घट्ट नाते मला जॅस्पर रिजचेच वाटते.

पूर्ण जंगलच हवे असेल, तर मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड फॉरेस्टचा विचार करावा. 1907 मध्ये स्थापन झालेल्या या वनात 1991 पासून जमीन आसपासच्या मातीपेक्षा 5 अंश सेल्सियस अधिक गरम ठेवून मातीतून निघणारा कार्बन मोजला जात आहे. पक्ष्यांच्या समष्टीवर काम करायचे असल्यास ऑक्सफर्डच्या वायदम वनातील ग्रेट टिटचा 1947 पासूनचा अभ्यास समोर ठेवावा.

परत येऊन काम कुठे करायचे, हे ठरलेले असल्यास निवड सोपी होते. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर काम करायचे असेल, तर सीडर क्रीक निवडावे. आपली माळराने सरकारी नोंदींत दीर्घकाळ पडीक म्हणून गणली गेली. तिथे गवत, विरळ झाडे, चराई आणि वणवा यांचे नाते पुराव्याने मांडणारी माणसे हवी आहेत. सीडर क्रीकच्या ओक सॅव्हानात, म्हणजे विरळ ओक असलेल्या गवताळ भागात, 1964 पासून ठरावीक अंतराने नियंत्रित आग लावून तिचे परिणाम नोंदवले जात आहेत आणि 2018 पासून तिथे बायसन हे अमेरिकी रानगवेही चारले गेले आहेत. कास किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर काम करायचे असेल, तर जॅस्पर रिज. पातळ माती, पोषकद्रव्यांची चणचण, थोड्या आठवड्यांत जीवनक्रम उरकणाऱ्या वर्षायू वनस्पती आणि शेजारून वाढत येणारी वस्ती, हे सारे सर्पेंटाइन माळावरही आहे. सिलिकॉन व्हॅलीच्या परिसरातील अशा माळांवर वाहनांच्या धुरातले नत्र साचून परदेशी गवते कशी फोफावतात आणि गुरांची चराई बंद केल्यावर फुलपाखरे कशी कमी होतात, हे संशोधन सड्यांवर कुंपण घालू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असावे. महाविद्यालयाच्या मालकीच्या दहा-वीस एकरांत अध्यापनाचे क्षेत्र उभारण्याची इच्छा असणाऱ्यांनाही जॅस्पर रिजचा नमुनाच अधिक उपयोगी आहे, कारण तो लहान, शहरालगतचा आणि माणसांवर उभा आहे.

एक व्यावहारिक सूचना महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अनुदानावर चालणाऱ्या उन्हाळी पदवी-संशोधनाच्या जागा तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात, त्यामुळे आधी एक उन्हाळा जाऊन पाहू, हा बेत भारतीय विद्यार्थ्याला त्या मार्गाने जमत नाही. डॉक्टरेटचा अर्ज बहुधा डिसेंबरमध्ये द्यावा लागतो. त्याआधी, शक्य तर सप्टेंबरमध्येच, संभाव्य मार्गदर्शकांना पत्र लिहावे. सीडर क्रीकच्या प्रयोगांची आकडेवारी सर्वांसाठी मोफत उपलब्ध आहे. ती उतरवून घेऊन एखादा स्वतःचा प्रश्न तिच्यावर तपासून पाहावा आणि त्यातून काय निघाले, काय अडले, ते त्या पत्रात दोन परिच्छेदांत सांगावे.