ग्राइंडर लावायच्या आधी बॅट उलटी धरून बघा

एका क्रिकेटच्या बॅटीपायी अकरा हजार आठशे रुपये गेले. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, आणि आमच्या धाकट्या भावाला व्यापाऱ्याकडे तोही मिळाला नाही. म्हणजे दीड क्विंटलच्या वर कापूस एका बॅटीत गेला. हे पैसे माझे नव्हते. धाकट्या भावाने मोठ्या विश्वासाने माझ्या हातात दिले होते, कारण घरात चार बुकं शिकलेला आणि बाजार कळणारा माणूस म्हणजे मी. म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहितो आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसपासून आत आहे. माझं कृषी केंद्र आहे. पुतण्या सोळा वर्षांचा. दर रविवारी एसटीने यवतमाळला सरावाला जातो. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक घरी आणला, तेव्हापासून आमच्याकडची पोरं टेनिस बॉलवर समाधानी नाहीत, त्यांना लेदर बॉल खेळायचा असतो. लेदर बॉलला टेनिसची हलकी, मागून कोरलेली बॅट चालत नाही. पोरगं दोन वर्षं मित्राची बॅट मागून खेळत होतं. निवड चाचणी जवळ आली तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, यंदा त्याले बॅट घेऊन देऊच. तू जाय त्याच्यासंगं."

फेब्रुवारी २०२५. तालुक्याच्या गावी लेदर बॉलची खुली स्पर्धा होती. त्याच आठवड्यात नागपुरात विदर्भ आणि मुंबईचा रणजीचा उपांत्य सामना चालू होता. सीमारेषेवर बसलेली पोरं एक डोळा मैदानावर आणि एक मोबाईलवरच्या स्कोअरवर ठेवून होती. शामियान्याच्या मागे तर्री-पोह्यांची गाडी, तिच्या बाजूला बॅटवाल्याचा स्टॉल. हिरवी चटई अंथरलेली, तीस-चाळीस बॅटा उभ्या रचलेल्या, मागे बॅटीचं लाकूड दाबायचं एक प्रेसचं यंत्र आणि लाकूड घासायचा, जनरेटरवर चालणारा हँड ग्राइंडर. स्टॉलवर पाटी होती : 'तुमच्या हाताप्रमाणे बॅट जागेवर तयार करून मिळेल'.

माणूस बोलायला फार गोड. आमच्याच बोलीत बोलत होता. "काहून टेन्शन घेता दादा, मी इकडलाच हाव." त्याने पुतण्याचा हात हातात घेतला, बोटं मोजल्यासारखी केली, स्टान्स घ्यायला लावला. मग एक बॅट काढून तिच्यावर चेंडू आपटून दाखवला. टण्ण असा आवाज आला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला. "ग्रेड वन इंग्लिश विलो. दुकानात पंचवीसच्या खाली हात लावू देत नाही. एज पाह्य, बेचाळीस एमएम!" विलो म्हणजे ज्याच्या बॅटा करतात ते लाकूड, त्यात इंग्लिश विलो महागाचं; आणि एज म्हणजे बॅटीची कड. आजूबाजूची पोरं हरखून गेली. पुतण्याने माझ्याकडे बघितलं. तोंडाने काही बोलला नाही, पण बॅट खाली ठेवली नाही.

त्या बेचाळीस एमएमबद्दल आधी सांगतो, कारण तिथेच मला थांबता आलं असतं. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे ऑक्टोबर २०१७ पासून बॅटीची कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. गावच्या स्पर्धेत कोणी मोजत नाही, पण वरच्या सामन्यात पंचाकडे मोजायचा गेज असतो आणि त्यातून न जाणारी बॅट बाद होते. जो माणूस बेचाळीस एमएम मोठेपणाने सांगतो, त्याला एक तर नियम माहीत नाही, नाही तर तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे.

सौदा साडेअकरावर ठरला. वर तीनशे रुपयांत 'पूर्ण तयारी' : मूठ गोलाची लंबगोल करणे, खांद्याचं लाकूड घासून वजन कमी करणे, प्रेस, नॉकिंग म्हणजे ठोकून बॅट तयार करणे, दर्शनी बाजूला शीट आणि खाली नवं टो गार्ड, म्हणजे तळ झाकणारी पट्टी. मी क्यूआर स्कॅन केला. नाव दुकानाचं नव्हतं, कुणा भलत्याच व्यक्तीचं आलं. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनीचं खातं हाय." बिल मागितलं तर म्हणाला, "बिलबुक गाडीत राह्यलं, बॅट न्यायला याल तवा देतो." मी मान डोलावली.

इथे मला थांबून स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. दर खरिपात माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो की बियाण्याचं पक्कं बिल घ्या, पिशवीचा टॅग फेकू नका, थोडं बियाणं पिशवीत तसंच ठेवा. उगवलं नाही तर तक्रारीला तोच आधार. वीस वर्षं हेच सांगत आलो. आणि त्या दिवशी बिल नाही, टॅग नाही, आणि ज्या लाकडावरून काही सिद्ध झालं असतं ते मी स्वतः पैसे देऊन घासायला दिलं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

ग्राइंडर सुरू झाला तेव्हा मी समोरच उभा होतो. पुतण्या पोहे आणायला गेला होता. बॅटीच्या खांद्याला चाक टेकलं आणि भुसा उडायला लागला. आधी पांढरट, पिठासारखा. मग क्षणभराने तपकिरी, भरड. हिरव्या चटईवर दोन रंगांचे दोन पट्टे स्पष्ट पडले होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात काही आलं नाही. त्याने पायाने चटई झटकली.

दोन तासांनी बॅट मिळाली. समोर पांढरी जाड शीट, खाली टो गार्ड, कडांना टेप. लाकूड दिसेल अशी जागाच उरली नव्हती. तो म्हणाला, "नॉकिंग झालं, उद्यापासून खेळा." बिल दिलं नाही, आणि निघायच्या घाईत माझ्याही लक्षात राहिलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी यवतमाळच्या नेटमध्ये एक यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा चेंडू, बॅटीच्या तळाला बसला. पुतण्या घरी आला तो बॅट टॉवेलात गुंडाळून. ओसरीवर ठेवली आणि म्हणाला, "मोठेबाबा, आवाज गेला हिचा." शीट खालून फुगली होती, मूठ हलवली की आतून करकर आवाज येत होता. मी शीट नखाने उचलली. टो गार्डही सुटला होता, तोही काढला.

दर्शनी बाजूवर नऊ सुंदर सरळ रेषा होत्या. बॅट उलटी करून तळ बघितला तर त्यातली एकही रेषा मागेपर्यंत गेलेली नव्हती. तळाला पुढच्या बाजूने चारेक मिलिमीटरचा पांढरा थर, मग सुतासारखी डिंकाची रेघ, आणि मागे सगळं तपकिरी लाकूड. गावातल्या सुतारकाकांकडे नेली. त्यांनी अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, "बापा, हे एक लाकूड नाई. दोन हायेत. वरतं चिकटवलं हाय."

नंतर नागपुरात बॅट दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराला दाखवली. त्याने जे समजावलं, ते बॅट घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ऐकावं असं मला वाटतं. दर्शनी बाजूवरची रेषा म्हणजे झाडाच्या वाढीचं एकेक वर्ष. ती रंगवलेली नसून लाकडाच्या आरपार असते, म्हणून अस्सल बॅटीचा तळ उघडा करून बघितला तर पुढून दिसणाऱ्या रेषा तळावर पुढून मागे गेलेल्या दिसतात. तपकिरी रंग दिसला म्हणून लगेच घाबरायचं नाही. इंग्लिश विलोतही गाभ्याच्या लाकडाचा तपकिरी पट्टा येतो, पण तो कडेच्या बाजूला असतो आणि जाडीच्या आरपार जातो. पुढे पांढरं आणि मागे तपकिरी अशी दर्शनी बाजूला समांतर रेघ दिसली, तर तो चिकटवलेला थर. मूठ वेताची असते, अनेक तुकडे चिकटवून त्यांत रबराच्या पट्ट्या घातलेल्या, आणि इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत पात्याला बसवलेली. आमच्या बॅटीची मूठ खाचेत पुरती बसलेलीच नव्हती. फट लाकडाच्या भुशात डिंक कालवून भरली होती.

काश्मीर विलोबद्दलही सांगतो, कारण हे सगळं ऐकून कोणी त्या बॅटींना नावं ठेवायला नको. अनंतनाग जिल्ह्यात संगम, बिजबेहारा भागात घरोघरी बॅटा तयार होतात. लाकूड थोडं जड, थोडं तपकिरी, पण शिकणाऱ्या पोराला चांगली काश्मीर विलो बॅट दोन-तीन वर्षं उत्तम साथ देते आणि निम्म्याहून कमी पैशांत येते. आम्हाला ती काश्मीर विलो म्हणून विकली असती तर मी आनंदाने घेतली असती.

आणि नॉकिंग. नवी बॅट लाकडी हातोडीने किंवा जुन्या चेंडूने हळूहळू ठोकून तयार करायला सगळे मिळून चार ते सहा तास लागतात, तेही थोडं थोडं करून दोन-चार दिवसांत. त्याआधी कच्चं जवसाचं तेल बोटाने पातळ लावून रात्रभर आडवी ठेवायची. जवस आपल्याच शेतात होतो, तेल आपल्या घरी असतं. एका दुपारी ग्राइंडर, प्रेस आणि नॉकिंग सगळं उरकतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो, हे मला आता पक्कं कळलं आहे.

बॅट तुटून घरी आली त्या एकोणिसाव्या दिवशीच मी बॅटवाल्याला फोन लावला होता. पहिल्यांदा म्हणाला, "फोटो पाठवा, दुसरी देतो." फोटो पाठवले. दुसऱ्यांदा आवाज बदलला होता. "दादा, ग्राइंडर मारून घेतलं ना तुम्ही? एकदा घासली का माल परत नसते. कंपनी बी घेत नाही." मी म्हणालो, घासून तूच दिली ना! तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून." तिसऱ्यांदा फोन बंद.

त्याचा सगळा डाव या एका वाक्यात आहे. जागेवर घासून देणं ही सेवा नव्हती. बॅटीला चाक लागलं त्या क्षणी माझा परत करायचा हक्क गेला असं तो मला पटवणार होता, आणि वरून शीट-टेप लावल्यामुळे मला काही दिसणारही नव्हतं. खेळाचं कुठलंही सामान असो, हातासारखं करून देतो म्हणून कापायला, भोक पाडायला, घासायला घेतलं की समजा, हीच शेवटची वेळ आहे नीट बघायची.

आयोजकांकडे गेलो. ओळखीचे लोक आहेत. म्हणाले, आम्ही फक्त जागेचं भाडं घेतलं, त्याचं पूर्ण नावही आमच्याकडे नाही. यावर मला राग आला, अजूनही आहे. मैदानावर चार दिवस माणूस दुकान लावतो, तुमच्या माईकवरून त्याची जाहिरात होते, आणि तुम्ही त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा घेत नाही?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचा आणि दुसरा विक्रेत्याच्या पत्त्याचा. दोन्ही माझ्याकडे नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचून काढला. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही तसंच, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी तीस दिवस धरले आहेत. आम्ही एकोणिसाव्या दिवशी सांगितलं होतं, म्हणजे 'परत नसते' हे त्याचं म्हणणं कायद्यात बसत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण नोटीस पाठवायची कुठे? हातात यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि एक नाव, एवढंच. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली आहे. पैसे आलेले नाहीत.

पुतण्याने चाचणी पुन्हा मित्राच्याच बॅटीने दिली. निवड झाली नाही. बॅटीमुळे झाली नाही असं तो कधीच म्हणाला नाही. भाऊही मला एका शब्दाने बोलला नाही. मी पैसे परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

बॅटीचे फोटो आणि पोच मी फायलीत लावली, आणि सुतारकाकांकडून बॅटीचा तळ चार बोटं आडवा कापून घेतला. तो तुकडा आता दुकानाच्या काउंटरवर, बियाण्याच्या वजनकाट्याशेजारी असतो. परवा शेजारच्या गावातली दोन पोरं स्प्रे पंपाचा वॉशर घ्यायला आली होती. त्यांच्या संघाची वर्गणी जमली आहे, पुढच्या महिन्यात बॅट घ्यायची आहे म्हणाली. मी तुकडा त्यांच्या हातात दिला आणि डिंकाची रेघ अंगठ्याने चाचपून बघायला सांगितलं. एकाने चाचपली, मग नखाने कोरून बघितली, आणि दुसऱ्याला म्हणाला, "अबे, आपल्या जुन्या बॅटीचा बी टो गार्ड काढून पाहू."