घरातल्या हिवताप फवारणीसाठी पंप कोणता? स्टिरप, कॉम्प्रेशन आणि कपाशीचा बॅटरी पंप

खान्देशात घराच्या भिंतींवर औषध मारायला तीन तऱ्हेचे पंप वापरात दिसतात: हिवताप विभागाचा जुना स्टिरप पंप, खांद्याला अडकवायचा हवेच्या दाबावरचा कॉम्प्रेशन पंप आणि ऐनवेळी कुणाच्या तरी शेतातून आणलेला कपाशीचा बॅटरी पंप. निकाल आधीच सांगतो. तापीकाठच्या दाट वस्तीच्या गावांत, माणसं पुरेशी असतील तर स्टिरप पंप आजही चोख काम करतो. धडगाव, अक्कलकुवा किंवा शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या विखुरलेल्या पाड्यांसाठी कॉम्प्रेशन पंपच घ्यावा. बॅटरी पंप घरात आणूच नये.

पंपाची एवढी चिकित्सा कशासाठी? आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस. तो घरात आणि गोठ्यात भिंतीवर विसावतो. भिंतीवर औषधाचा सारखा, कोरडा थर असेल तर तिथे टेकलेला डास मरतो. औषध उडत्या डासासाठी नसतं. त्यामुळे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ठरलेली मात्रा बसली की नाही, एवढाच खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर औषधाच्या पुड्यापेक्षा नोझल, म्हणजे फवारा बाहेर पडतो ते नळीचं तोंड, जास्त ठरवतं.

स्टिरप पंपाला दोन माणसं लागतात. एक बादलीजवळ दट्ट्या मारतो, दुसरा लांब नळी घेऊन घरात फिरतो. दट्ट्या मिनिटाला २० ते २६ वेळा, १० ते १५ सेंटिमीटर खालीवर व्हायला हवा, म्हणजे नोझलच्या तोंडाशी सुमारे १० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब राहतो. हे जमलं तर नोझलमधून मिनिटाला ७४० ते ८५० मिली द्रावण पडतं आणि १० लिटरमध्ये ५०० चौरस मीटर भिंत होते. साधारण १५० चौरस मीटर फवारणीचं घर तीन लिटरमध्ये, पाचेक मिनिटांत उरकतं. पंप साधा आहे, वायसर गावातच बदलता येतो, बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. उणीव एकच, पण मोठी: दाब पूर्णपणे दट्ट्या मारणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. दुपारी अकरानंतर मे महिन्याच्या उन्हात तो हात मंदावतो, आतल्या माणसाला ते कळत नाही, आणि शेवटच्या दहा घरांना पहिल्या दहांपेक्षा कमी औषध मिळतं. दोघांनी दर काही घरांनी जागा बदलली तर हा दोष बराच कमी होतो. हंगामी क्षेत्र कर्मचाऱ्यांना भरतीच्या दिवशीच हे शिकवायला हवं.

कॉम्प्रेशन पंप एकटा माणूस चालवतो. टाकीत १० लिटरपर्यंत द्रावण भरायचं, वर हवेसाठी जागा सोडायची आणि ५५ पीएसआयपर्यंत हवा भरायची. पूर्ण लांबीच्या एका दट्ट्याला साधारण एक पीएसआय. दाब २५ वर आला की पुन्हा हवा. इथेच घेताना फसगत होते. नुसता पंप घेतला तर ५५ पासून २५ पर्यंत दाब उतरताना औषधाचा प्रवाहही जवळजवळ एकतृतीयांशाने घटतो. टाकी भरल्यावरच्या पहिल्या भिंतीला भरपूर आणि हवा संपत आल्यावरच्या भिंतीला तुटपुंजं औषध, असं होतं. म्हणून १.५ बार (हेही दाबाचंच एकक) दाबाचा प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह बसवलेलाच पंप घ्यावा. त्याच्यासोबत ८००२ क्रमांकाचं, सपाट पंख्यासारखा फवारा देणारं नोझल असलं की मिनिटाला सुमारे ५५० मिली द्रावण एकसारखं पडतं. दाबमापक नसलेला पंप कितीही स्वस्त मिळाला तरी नको. भरलेली टाकी पाठीवर घेऊन चढण चढणं सोपं नाही हे खरं, पण एका पाड्यावरून दुसऱ्यावर बादली, पंप, नळी आणि दोन माणसं नेण्यापेक्षा ते परवडतं.

पंप बदलला की मिश्रणही बदलतं, आणि ही गोष्ट नेमकी विसरली जाते. अल्फासायपरमेथ्रिन या कीटकनाशकाच्या ५ टक्के पावडरची मात्रा चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम; हे माप पावडरचं नव्हे, तिच्यातल्या मूळ औषधाचं. स्टिरप पंपासाठी १० लिटर पाण्यात २५० ग्रॅम पावडर घालतात, कारण तिथे चौरस मीटरला २० मिली द्रावण बसतं. व्हॉल्व्हवाल्या कॉम्प्रेशन पंपाने तेच द्रावण ३० मिलीच्या आसपास बसतं. मग जुन्याच मापाने मिश्रण केलं तर भिंतीवर दीडपट औषध जातं: पैसा वाया, डाग जास्त, आणि पुडे हंगामाच्या मध्यात संपतात. हिशेबाने १० लिटरला १६७ ग्रॅमच्या आसपास पुरतात. डेल्टामेथ्रिन २.५ टक्के पावडरचं स्टिरपसाठीचं माप ४०० ग्रॅम आहे, तिथेही हीच दुरुस्ती लागते. पथकाला कोरडं गणित सोपवू नये. जिल्हा हिवताप कार्यालयाकडून पंपानुसार माप लेखी घ्यावं आणि त्या मापाचा डबा पथकाला द्यावा.

पावडर थेट टाकीत ओतली की गाठी होतात आणि नोझल तुंबतं. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवायची, मग उरलेलं पाणी हळूहळू घालत ढवळायची आणि फडक्यातून गाळून घ्यायची. नदी-नाल्याचं गढूळ पाणी तर दोनदा गाळावं. द्रावण उभं राहिलं की पावडर तळाशी बसते, म्हणून घर बदलताना पंप हलवायचा किंवा बादली ढवळायची.

बॅटरी पंपाला नापास करण्याची कारणं आता लक्षात येतील. त्याचं नोझल पिकासाठीचं, पोकळ शंकूसारखा फवारा देणारं असतं. पानावर ते चांगलं, भिंतीवर मात्र कडेला जास्त, मध्ये कमी, आणि बारीक थेंब हवेत तरंगून माणसाच्या नाकात. दाबाचं बटण कुणीही फिरवतं, बॅटरी उतरली की दाब पडतो, पावडर तळाला बसते ती बसतेच. सगळ्यात वाईट म्हणजे त्याच टाकीत आठवड्यापूर्वी कपाशीवरचं कीटकनाशक किंवा तणनाशक असू शकतं. ते धुऊन शंभर टक्के जात नाही, आणि आपण ते लेकरांच्या खाटेशेजारच्या भिंतीवर मारतो.

पंप कुठलाही असो, नोझल तपासल्याशिवाय पथक गावात सोडू नये. मापाच्या भांड्यात एक मिनिट द्रावण धरायचं, तीनदा, आणि सरासरी काढायची. स्टिरप पंपाच्या नोझलमधून ८५० मिलीच्या वर पडू लागलं की ते फेकून द्यायचं. पितळेचं तोंड पावडरने लवकर झिजतं, स्टीलचं जास्त टिकतं. कचरा अडकला तर तार किंवा टाचणी घालायची नाही, भोक मोठं होतं. तोंडाने फुंकायचं तर मुळीच नाही. मऊ ब्रश आणि पाणी पुरतं. सोबत दुसरं नोझल असावंच.

मारताना नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर. एक पट्टा वरून खाली, बाजूला सरकून पुढचा खालून वर, मागच्या पट्ट्यावर थोडा चढवून. कॉम्प्रेशन पंपाने तीन मीटर उंचीचा पट्टा सुमारे सात सेकंदांत व्हावा. औषध भिंतीवरून ओघळलं तर चाल मंद आहे. धाब्याच्या घरात छताचे लाकडी सर आणि पाट्या, दाराची मागची बाजू, कणगीमागची भिंत, गोठा या जागा सर्वांत जास्त सुटतात.

आणि आतली खोली. "भाऊ, मझार नका मारू, वट्टावरच मारा," म्हणजे आत नको, ओट्यावरच मारा, हे गावोगाव ऐकू येतं. देवघर, सयपाकघर, रंगवलेल्या भिंतीवर पांढरे डाग, कारणं समजण्यासारखी आहेत. पण डास विसावतो तो आतल्या अंधाऱ्या खोलीतच. आदल्या दिवशी आशाताईंनी घरी सांगितलेलं असेल, धान्य, पाणी, भांडी बाहेर काढायला वेळ दिलेला असेल, तर नकार खूप कमी होतात. गावातल्या किमान ८० टक्के खोल्या झाल्या नाहीत तर उरलेल्या फवारणीचाही फारसा लाभ नाही. दारावर नुसती तारीख लिहू नये. 'खोल्या ४, झाल्या ३' असं गेरूने लिहावं, तपासणाऱ्याला लगेच कळतं.

औषधाचा असर साधारण दहा आठवडे. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर फवारणीनंतर सारवणाचा पोतारा फिरला की तो त्याच दिवशी संपला. म्हणून गावातला सारवणाचा बेत विचारून, सारवण वाळल्यावरच तारीख ठरवावी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परतल्यावर त्यांची बंद राहिलेली घरं वेगळी घ्यावीत. ती यादी आशाताईंकडे असते. दिवसाला ६० ते ८० घरांचं उद्दिष्ट सलग गावाला ठीक आहे. पाड्यांवर तोच आकडा मागितला तर कागदावर घरं भरतात, भिंती कोरड्या राहतात.

धुळे, जळगाव, भुसावळ शहरांत यातला कुठलाच पंप मुख्य कामाचा नाही. तिथला हिवतापाचा डास, अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी, साठवलेल्या पाण्यात वाढतो. टाकीला घट्ट झाकण, आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणं आणि झाकता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे, हे तिथे आधी. धुराच्या गाडीने त्या वेळी उडणारे डास मरतात. भिंतीवर काही उरत नाही.

काम संपल्यावर पंप तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावा, नळी आणि नोझलमधूनही पाणी जाऊ द्यावं. ते पाणी नाल्यात नाही, विहिरीपासून दूर खणलेल्या खड्ड्यात. हंगाम संपल्यावर टाकी उलटी टांगून वाळवावी, चामडी वायसरला तेल द्यावं आणि नोझल काढून पुडीत ठेवावं, नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी पंप हवा धरत नाही.