सावंतवाडीची गंजिफा, चितार आळीची खेळणी आणि आमचे बाबा

बरेच दिवस लिहायचं होतं, आज सवड मिळाली. मे महिन्यात गावाला गेलो तेव्हा सावंतवाडीच्या राजवाड्यातून दशावतार गंजिफाचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, पूर्ण सेट घेतला आणि चितार आळीतून मुलासाठी लाकडी खेळणी घेतली, त्या दोन्हींबद्दल हे आहे. यात बाबांबद्दल पण खूप येणार आहे ते आधीच सांगते, कारण सेट त्यांच्यासाठीच घेतला आणि ते नसते तर गंजिफा म्हणजे काय हेच मला माहीत नसतं.

बाबा कुडाळ तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, यंदा 75 पूर्ण केली. एलिमेंटरी इंटरमिजिएटला त्यांनी किती पोरं बसवली त्याचा हिशोब त्यांच्याकडेही नसेल, पण त्यांचा एक नियम होता की मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. कधीच नाही. मी आठवीत असताना तांब्या पेल्याचं वस्तुचित्र काढत होते आणि तांब्याचं तोंड काही केल्या गोल येईना, रडकुंडीला आले, म्हटलं बाबा तुम्हीच करून द्या ना, तर ते शेजारी दुसरा कागद घेऊन बसले आणि स्वतःचा तांब्या काढायला लागले, एकदम सावकाश, मला दिसेल असा. आणि म्हणाले, "तुझो तांब्यो तूच नीट कर बाय, मी केलंय तर तो माझो होतलो." त्या दिवशी मला खूप राग आला होता. आता मी ऑफिसमधे नवीन पोरांना काम शिकवते तेव्हा त्यांच्या फाईलमधे हात घालावासा वाटतो आणि दरवेळी तो तांब्या आठवतो, मग शेजारी बसून माझी वेगळी फाईल उघडते. मला कोणी विचारलं की तुझा आदर्श कोण तर मी बाबांचंच नाव घेते.

आणि बाबांना विचारलं तर ते राणीसाहेबांचं नाव घेतात. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोंसले. आमच्याकडे लहानपणापासून ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय की पाठ आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, मूळ खेळ इराणकडून आलेला, मोगलांच्या दरबारात खेळला जायचा, 1527 साली बाबराने सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याने स्वतःच करून ठेवलीय. आपल्याकडे आल्यावर त्यावर दशावतार आले आणि सावंतवाडीच्या चितारी लोकांनी ते रंगवले. नंतर छापील पत्ते आले, स्वस्त, कुठेही मिळणारे, मग हाताने रंगवलेली 120 पानं कोण घेणार, मागणी संपली तशी घरातली पोरं दुसऱ्या कामाला लागली. 1970 च्या आसपास अशी वेळ आली की हे काम नीट माहीत असणारी अगदी थोडी म्हातारी माणसं राहिली होती, त्यातले एक पुंडलिक चितारी. त्यांच्याकडून ही कला राजेसाहेब शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब दोघं स्वतः शिकले. नुसतं कारागिराला आश्रय देऊन, पैसे देऊन मोकळे झाले नाहीत, ब्रश हातात घेऊन शिकले, आणि मग राजवाड्यातच काम सुरू करून तरुण मुलांना शिकवलं.

बाबा म्हणतात राणीसाहेबांचं कौतुक सगळे करतात आणि ते करायलाच पाहिजे, राजघराण्यातल्या बाईने म्हाताऱ्या कारागिरासमोर शिकायला बसायचं हे त्या काळात सोपं नव्हतं. पण तितकंच मोठं काम पुंडलिक चिताऱ्यांचं, कारण त्यांनी हातातलं दुसऱ्याच्या हातात दिलं. बाबा सांगताना इथे नेहमी थांबतात. त्यांना त्यांच्या उमेदीच्या दिवसांत एक मूर्तिकार भेटला होता जो रंग मिसळताना दार लावून घ्यायचा. तो गेला आणि त्याच्यासोबत तो रंगही गेला. हे सांगताना बाबांना अजून वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येते. बाबांच्या पंचाहत्तरीला गंजिफा द्यायची हे ठरलेलं होतं, आणि मी आधी एक चूक केली ती म्हणजे ऑनलाईन मागवली. कुठल्या साईटवरून ते सांगत नाही पण फोटोत हाताने रंगवलेली वाटत होती आणि आली ती चक्क छापलेली, जाड पुठ्ठ्यावर चकचकीत कागद. बाबांनी एक पान उचललं, उजेडात तिरकं धरलं आणि काही न बोलता परत डब्यात ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून सांगते, घ्यायची असेल तर सावंतवाडीला जाऊन घ्या, आणि ओळखायची खूण बाबांनी शिकवली ती अशी की एकाच रंगाची दोन पानं शेजारी ठेवून बघायची. मत्स्यावताराचं आठ मासे असलेलं पान घ्या, हाताने काढलेले असतील तर आठही मासे थोडे थोडे वेगळे असतात, एखाद्याची शेपटी जाड, एखादा किंचित वाकडा. छापलेले असतील तर सगळे जुळे भाऊ.

राजवाडा मोती तलावाच्या काठाला आहे, गावात कुणालाही विचारा. ट्रेनने येणार असाल तर स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. तिकीट काढून आत गेलं की दरबार हॉल, तिथे कारागीर बसून काम करत असतात आणि ते आपल्याला जवळून बघता येतं, मला तर हेच सगळ्यात आवडलं. कोणी घाई करत नाही. आम्ही दीड तास होतो, बाबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि बाबांचे प्रश्न काही थोडे नव्हते. पानं कशी करतात, तर थरावर थर चिकटवून, जुन्या काळी कापडाचे, त्याला चिंचोक्याची खळ, मग त्यावर पांढरा लेप, मग गोट्याने घासून घासून गुळगुळीत करायचं, मग रंग, बारीक रेघा आणि शेवटी लाखेचा हात. बाबांनी घासलेल्या पानावरून नुसता अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. त्यांचे हात हल्ली थोडे थरथरतात, पान धरल्यावर जरा स्थिर झाल्यासारखे वाटले मला.

सेटबद्दल. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशु, बुद्धाचं कमळ अशी प्रत्येकाची खूण. आमच्या मुलाला हे समजायला पाच मिनिटं पण लागली नाहीत कारण तो जत्रेतलं दशावतारी नाटक रात्र रात्र जागून बघतो, उलट मलाच क्रम चुकला तेव्हा त्याने सुधारलं. राजाच्या पानावर अख्खा अवतार रंगवलेला असतो, आणि ती पानं सेटचा जीव आहेत. आम्ही घेतलेल्या सेटमधला परशुराम बघाच, पान हाताच्या तळव्यापेक्षा लहान आणि त्यात दाढी, जटा, धोतराच्या निऱ्या सगळं आहे, मी भिंगातून बघितलं. डबा पण लाकडी, रंगवलेला, वरचं झाकण सरकवायचं. तो नुसता शोकेसमधे ठेवला तरी खोलीचं रूप बदलतं, पण शोकेसमधे ठेवू नका, खेळा.

किंमत हजारांत जाते. आकडा लिहीत नाही कारण कामाच्या बारकाव्याप्रमाणे दर वेगळा असतो, लहान सेटही असतात, तिथेच विचारा. महाग वाटेल. पण 120 पानं मोजा आणि एका पानाला किती वेळ जात असेल ते समोर बसून पाच मिनिटं बघा, मग ठरवा. मी मनात भागाकार केला आणि मला ते स्वस्तच वाटलं.

आता जे लिहायला मी बसले होते ते. माझा मुलगा नऊ वर्षांचा, तो तिथे काम करणाऱ्या एका ताईंच्या मागेच लागला, मला पण द्या ना ब्रश. त्यांनी हसून एक वाया गेलेलं पान दिलं. तो मासा काढायला लागला आणि रेघ थरथरली, जाड बारीक जाड बारीक झाली. आणि त्या ताईंनी काय केलं तर मागून त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या हाताने रेघ ओढली, एका दमात, शेपटीपासून तोंडापर्यंत. मी लगेच बाबांकडे बघितलं, म्हटलं आता बोलणार. बोललेच, पण अगदी हळू आवाजात, "हात धरलास तर तो शिकतलो कसो?" त्या म्हणाल्या, "काका, पेन्सिलीचं काम बघून येतं, ब्रशाची रेघ बघून कळत नाही, ती हाताला कळावी लागते, किती दाबायचं आणि कुठे सोडायचं. दोनदा धरायचं, तिसऱ्यांदा सोडून द्यायचं." आणि तिसऱ्यांदा खरंच सोडलं. मासा काही ग्रेट आला नाही पण रेघ थरथरली नाही.

बाबा गप्प झाले. रिक्षात पण गप्प. कुडाळ यायच्या आधी म्हणाले की इतकी वर्षं मी एकाच बाजूने बघितलं, ज्या पोरांना बघून येत नव्हतं त्यांचा हात धरायला पाहिजे होता, काही पोरं राहिली माझी. मी म्हटलं असं नका म्हणू, आम्ही शिकलो ना. तर म्हणाले, "तू शिकलंस, सगळीच तुझ्यासारखी नसतत." मला त्यांचं समाधान करता आलं नाही आणि खरं सांगायचं तर करूही नये असं वाटलं. 75 व्या वर्षी माणूस आपला आयुष्यभराचा नियम एका अनोळखी मुलीच्या एका वाक्याने तपासून बघतो, याच्यापुढे मी काय बोलणार.

चितार आळीबद्दल थोडक्यात. राजवाड्याच्या सोबत हे पण कराच, सगळी लाकडी खेळण्यांची दुकानं, भातुकली, भोवरे, पाट, आणि ती प्रसिद्ध लाकडी फळं, आंबा केळं मिरची, लांबून खरीच वाटतात. फळांसाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, हलकं असतं. आम्ही एका जुन्या दुकानातून फळांची परडी आणि भातुकली घेतली. एक अनुभव चांगला नव्हता, घरी आल्यावर मुलाने केळं पाण्याखाली धुतलं आणि पिवळा रंग हाताला लागला. दुकानात फोन केला तर म्हणाले पाणी लावायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं, हे देताना सांगायला पाहिजे होतं ते राहिलं. मात्र हुज्जत न घालता पुढच्या खेपेला बदलून दिलं. लहान बाळ घरात असेल आणि ते तोंडात घालणार असेल तर रंग कुठला वापरलाय ते स्पष्ट विचारून घ्या. भातुकली मात्र एक नंबर, जात्याचा खुंटा पण फिरतो.

खेळाबद्दल एक सांगते कारण लोक सेट घेतात आणि नियम माहीत नाहीत म्हणून बाजूला ठेवतात. तिघांनी खेळायचा, प्रत्येकाला 40 पानं. दिवसा खेळलात तर रामाच्या रंगाने सुरुवात आणि रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दहाचं पान मोठं आणि निम्म्यांत उलटं, एक्का मोठा, सुरुवातीला डोकं फिरतं. कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवणारा जिंकतो. बाबांना औषध घेतलं का ते आठवत नाही पण पडलेली पानं सगळी आठवतात. आम्ही मे महिन्यात रोज रात्री माजघरात कृष्णापासून सुरुवात करून खेळलो, आई बाजूला बसून आमसुलं निवडता निवडता बाबांना खुणा करायची.

मुंबईला निघायच्या दोन दिवस आधी कासवाचं चारचं पान हरवलं. सगळं घर शोधलं, नाही मिळालं. मुलगा रडायला लागला कारण शेवटचं त्याच्या हातात होतं. मी म्हटलं राजवाड्यात विचारूया एकच पान करून देतील का, तर बाबा म्हणाले थांब. आईकडून चिंचोके मागून घेतले, भाजून, सोलून, रात्रभर भिजत घातले, सकाळी वाटून खळ शिजवली, माझ्या जुन्या ड्रॉइंगच्या कागदाचे थर चिकटवून उन्हात ठेवले. मुलगा दर दहा मिनिटांनी बोट लावून बघत होता, बाबा त्याला सांगत होते, "घाय करू नको, सुकाक येळ लागता." संध्याकाळी ओटीवर दोघं बसले, मुलाच्या हातात बारीक ब्रश, समोर ते पांढरं गोल पान, आणि बाबांनी मागून त्याचं मनगट धरलं होतं. पहिलं कासव झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याला त्यांनी हात काढून घेतला.