ओरिजिनल म्युझिक्वेरियम वन : संतापासाठी राखून ठेवलेली एक बाजू

अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरच्या १९७२ ते १९८२ या दशकातील निवडक गाण्यांचा 'ओरिजिनल म्युझिक्वेरियम वन' हा दोन तबकड्यांचा संच १९८२ मध्ये निघाला. त्यात एकूण सोळा गाणी असून त्यांपैकी चार तेव्हा नवी होती. गाणी काळानुक्रमे न लावता त्यांच्या प्रकृतीप्रमाणे लावलेली आहेत, आणि या संचाचे बळ व त्यातील खोट ही दोन्ही या मांडणीतच आहेत.

पहिली बाजू समाजाविषयी बोलणाऱ्या गाण्यांची आहे. 'सुपरस्टिशन'मधील क्लॅव्हिनेट या विजेवर चालणाऱ्या कळवाद्याच्या ठेक्याने ती सुरू होते आणि 'यू हॅव्हन्ट डन नथिन'कडे वळते. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उद्देशून लिहिलेले हे गाणे ऑगस्ट १९७४ मध्ये बाजारात आले आणि त्याच आठवड्यात निक्सन यांनी राजीनामा दिला. तरीही ते शिळे वाटत नाही, कारण पोकळ आश्वासनांचा कंटाळा एका राष्ट्राध्यक्षाबरोबर संपत नाही. पाठोपाठ येणारे 'लिव्हिंग फॉर द सिटी' हा मात्र या संचाचा कळस आहे. मिसिसिपीतील गरीब कृष्णवर्णीय घरातला मुलगा बसने न्यू यॉर्कला येतो, उंच इमारती पाहून हरखतो, कोणीतरी त्याच्या हाती एक पुडके देते आणि काही क्षणांत तो दहा वर्षांसाठी गजाआड जातो. गाण्याच्या मध्यभागी, रस्त्यावरच्या आवाजांनिशी घडणारा हा छोटा नाट्यप्रवेश एकेरी तबकडीवर (सिंगलवर) गाळला होता. येथे तो पूर्ण आहे. त्यानंतरच्या भागात वंडरने आपला मखमली आवाज मुद्दाम खरखरीत केला आहे, आणि मधला प्रसंग ऐकल्याशिवाय त्या खरखरीचे कारणच कळत नाही. व्हिएतनाममध्ये पाय गमावलेल्या सैनिकाचे 'फ्रंट लाइन' हे नवे गाणे शब्दांत तितकेच कडू असले, तरी त्याची वाद्ययोजना फार गुळगुळीत झाली आहे.

दुसरी बाजू सुरू होताच आपण प्रेमगीतांत जाऊन पोहोचतो. 'यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ' किंवा 'रिबन इन द स्काय' यांच्या गोडव्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. माझी तक्रार मधल्या भिंतीविषयी आहे. 'इनरव्हिजन्स' या १९७३ च्या अल्बममध्ये 'लिव्हिंग फॉर द सिटी' संपताच 'गोल्डन लेडी' हे प्रेमगीत सुरू होते आणि त्या तुरुंगातून एकदम उजेडात आल्यासारखे वाटते. संताप आणि माया एकाच श्वासात घेणे हा वंडरचा स्वभाव आहे. ज्याला फक्त मंद गाणी हवीत त्याला पहिली बाजू न लावताच तबकडी उलटता यावी, अशी सोय या संचाने करून ठेवली आहे.

निवडीतही सावधपणा दिसतो. 'व्हिलेज गेटो लँड' येथे नाही. भुकेल्या वस्तीचे वर्णन दरबारी थाटाच्या तंतुवाद्यांसारख्या सिंथेसायझर-सुरांवर गाऊन वंडरने त्यात केवढा उपरोध साधला होता! हरे कृष्ण भक्तांच्या नामघोषाने संपणारे 'पास्टाइम पॅरडाइज'ही नाही. सर्वांत खटकते ती 'हॅपी बर्थडे'ची अनुपस्थिती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुट्टी मागणारे हे गाणे १९८० मधले. सुट्टीचा कायदा १९८३ मध्ये झाला, म्हणजे संच निघाला तेव्हा ती चळवळ ऐन भरात होती आणि वंडर स्वतः तिच्या अग्रभागी होता.

दुसऱ्या तबकडीवर 'हायर ग्राउंड', रेगे गायक बॉब मार्लीला मानवंदना देताना झिम्बाब्वेचाही उल्लेख करणारे 'मास्टर ब्लास्टर' आणि शेवटी जॅझ वादक डिझी गिलेस्पीच्या ट्रम्पेटने खुललेले, दहा मिनिटांहून मोठे 'डू आय डू' आहे. हे शेवटचे गाणे एकटेच संचाची किंमत वसूल करते. ज्यांच्याकडे त्या दशकातील अल्बम आधीच आहेत, त्यांनी चार नव्या गाण्यांपुरता हा संच घ्यावा. नवख्यांनी तो जरूर घ्यावा, पण पहिली बाजू संपल्यावर तबकडी उलटण्याऐवजी 'इनरव्हिजन्स' लावून पाहावा.