नादारीचा अर्ज करावा की नाही: ठाण्यातील एका वकिली सल्ल्याचे परीक्षण

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवणाऱ्या एका वकील मॅडम कर्जात अडकलेल्या व्यक्तींना दिवाळखोरीविषयी, म्हणजे न्यायालयाच्या भाषेत नादारीच्या अर्जाविषयी, सशुल्क सल्ला देतात. पाच हजार रुपये शुल्कात कागदपत्रांची तपासणी, सविस्तर बैठक आणि शेवटी लेखी टिपण एवढे मिळते. प्रत्यक्ष अर्ज दाखल करण्याचे शुल्क वेगळे असते. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला सेवेचे मूल्यमापन करायचे आहे, वकिलांची जाहिरात नव्हे.

माझी परिस्थिती थोडक्यात सांगतो. फ्लेक्स छपाईचा धंदा बंद करून मी नोकरी धरली तेव्हा दोन क्रेडिट कार्डे आणि एक वैयक्तिक कर्ज मिळून सुमारे अकरा लाखांची विनातारण थकबाकी होती, पतसंस्थेचे चार लाख होते आणि त्याला मेहुणा व एक जुना मित्र असे दोन जामीनदार होते. शिवाय पत्नी आणि मी यांच्या संयुक्त नावावर असलेल्या सदनिकेचे गृहकर्ज चालू होते, ज्याचा हप्ता आम्ही कसाबसा चुकू दिला नव्हता.

वकिलांकडे जाण्यापूर्वी कर्जमुक्ती करून देऊ म्हणणाऱ्या एका कंपनीशी माझे फोनवर बोलणे झाले होते, आणि तुलनेसाठी त्याचा उल्लेख करणे भाग आहे. दरमहा ठरावीक फी, शिवाय जेवढी रक्कम माफ होईल तिच्यातील काही टक्के, असा त्यांचा दर होता. सर्व हप्ते ताबडतोब थांबवा, घर पत्नीच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका आणि मग दिवाळखोरीचा अर्ज द्या, म्हणजे त्याच दिवसापासून एकशे ऐंशी दिवस कोणीही वसुलीला येऊ शकणार नाही, असे तेथील प्रतिनिधीने ठामपणे सांगितले. हे ऐकायला इतके सुटसुटीत होते की मी पहिल्या महिन्याची फी भरण्याच्या बेतात होतो.

मॅडमनी या सल्ल्यातील एकेक वाक्य घेऊन ते कायद्यात कोठे बसते ते दाखवले, आणि माझ्या मते पाच हजारांपैकी निम्मे तेथेच वसूल झाले. एकशे ऐंशी दिवसांची स्थगिती २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत आहे हे खरे. पण ती अर्ज दाखल केल्याच्या दिवसापासून नव्हे तर तो स्वीकारला गेल्यानंतर सुरू होते, आणि दाखल केल्यापासून मिळते ती अंतरिम स्थगिती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संहितेचा व्यक्तींसंबंधीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला आहे. माझ्यासारख्या सामान्य कर्जदारासाठी तो भाग अद्याप अंमलात आलेला नाही. त्याच संहितेत अगदी गरीब कर्जदारांसाठी नव्याने सुरुवात करण्याची एक तरतूदही आहे, परंतु तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत आणि पात्र कर्जे पस्तीस हजारांच्या आत असावी लागतात, आणि तीही अजून कागदावरच आहे.

म्हणजे आमच्यासाठी उरतात ते ब्रिटिशांच्या काळातले दोन कायदे. मुंबईत राहणाऱ्यांना १९०९ चा, आणि ठाण्यासह उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक कायदा. मुलुंडमध्ये राहणाऱ्या माणसाला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते आणि तेथे मालमत्ता ऑफिशियल असाइनीच्या, म्हणजे नादारांची मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात जाते; नाका ओलांडून ठाण्यात आलेल्या माणसाचा अर्ज जिल्हा न्यायालयात जातो आणि तेथे त्याच कामासाठी रिसीव्हर नेमला जातो. अर्ज करण्यासाठी किमान कर्ज किती असावे, तर पाचशे रुपये! हा आकडा वाचून दाखवताना मॅडमही क्षणभर थांबल्या.

या जुन्या कायद्यात केवळ अर्ज दाखल केल्याने कोणाचीही वसुली आपोआप थांबत नाही. न्यायालयाने नादार ठरवल्यानंतर मात्र धनकोला न्यायालयाच्या परवानगीशिवाय स्वतंत्र दावा लावता येत नाही. बक्षीसपत्राची गोष्ट तर याहून गंभीर निघाली. मोबदल्याशिवाय मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केल्यानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर रिसीव्हरच्या मागणीवरून न्यायालय ते हस्तांतरण रद्द करू शकते, आणि मालमत्ता दडवल्याचे सिद्ध झाले तर शिक्षेचीही तरतूद आहे. घर बायकोच्या नावावर कर हा सल्ला मला नात्यातल्या वडीलधाऱ्यांनीही दिला होता, त्यामुळे हा मुद्दा टिपणात ठळक अक्षरांत लिहून घेतला आणि घरी सर्वांना दाखवला.

या सल्ल्याचे खरे वैशिष्ट्य मात्र कर्जांच्या वर्गवारीत आहे. मॅडमनी माझी सर्व कागदपत्रे टेबलावर पसरली आणि एकूण किती देणे आहे ही बेरीज न करताच प्रत्येक कागदाबाबत एकच प्रश्न विचारला: नादारीचा आदेश झाला आणि पुढे मुक्तताही, म्हणजे उरलेल्या देण्यांतून न्यायालयाकडून सुटका, मिळाली, तर हे देणे उरेल की जाईल? गृहकर्जाच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीने फुली मारली, कारण तारण असलेल्या बँकेचा घरावरचा हक्क नादारीने बाधित होत नाही आणि हप्ते थकले तर ती २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतंत्रपणे ताबा घेऊ शकते. उलट कर्ज फेडून घरात जी किंमत उरते तिच्यातील माझा वाटा रिसीव्हरकडे गेला असता. शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळलेले आहे, शहरातली सदनिका नाही.

पतसंस्थेच्या कागदावर त्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला. मुक्ततेचा आदेश कर्जदाराला सोडवतो, जामीनदाराला नाही. मी नादार झालो असतो तर पतसंस्थेने सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखालील वसुलीचा दाखला पुढे करून मेहुण्याचे आणि मित्राचे दार ठोठावले असते. सहकार कायद्याच्या ४९ व्या कलमाचा आधार घेऊन जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होण्याची उदाहरणे त्यांच्याकडे नित्य येतात, असे त्या म्हणाल्या. शिवाय पतसंस्थेकडे माझे सही केलेले कोरे धनादेश होते. धनादेश न वटल्याचा १३८ कलमाखालील खटला फौजदारी असतो आणि नादारीच्या अर्जाने तो मिटत नाही. या एका कागदाने माझा निर्णय बराचसा झाला.

उरली कार्डे आणि वैयक्तिक कर्ज. नादारीने खरोखर सुटू शकणारी देणी हीच, म्हणून यावर तरी अर्ज करावा का, असा प्रश्न मी विचारला. त्यावर मॅडमनी अर्ज न करता वाईटात वाईट काय होईल याचा हिशेब मांडला. बँकेने दावा लावून हुकूमनामा मिळवला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. एकतीस हजार पगारावर जास्तीत जास्त दहा हजार जातील, आणि एकाच हुकूमनाम्यापोटी चोवीस महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केले आहे. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळाटाळ केली तर गोष्ट वेगळी. वसुली एजंटांनी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे, आणि ते मोडले तर आधी बँकेकडे व नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, हेही त्यांनी टिपणात लिहून दिले.

दुसऱ्या बाजूला नादार ठरण्याची किंमत होती. मुक्तता मिळेपर्यंत कंपनीचा संचालक होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही (हा तोटा मला सोसला असता), आणि प्रत्येक मिळकत रिसीव्हरपुढे मांडावी लागते. मुक्ततेसाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो, म्हणजे झालेला खर्च वाया आणि धनको पुन्हा दारात. अर्ज करा किंवा करू नका, असे मॅडमनी शेवटपर्यंत सांगितले नाही. घर नसते, जामीनदार नसते आणि सगळे देणे कार्डांचेच असते तर अर्जाचा विचार गंभीरपणे करावा, एवढेच त्या म्हणाल्या. हा संयम मला आवडला. वकिलांना निकालावर किंवा रकमेच्या टक्केवारीवर शुल्क घेण्यास मनाई असल्यामुळे मी अर्ज करावा की तडजोड करावी यात त्यांचा स्वतःचा टक्का अडकलेला नव्हता, आणि फोनवरच्या कंपनीशी तुलना करता हा फरक फार मोठा आहे.

मी अर्ज केला नाही. पतसंस्थेशी हप्ते नव्याने बांधून घेतले आणि एका कार्डाची एकरकमी तडजोड लेखी पत्र हाती आल्यावरच पैसे भरून केली. सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे तडजोडीची नोंद राहणार आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणे कठीण जाणार, याची कल्पना मला आधीच दिलेली होती.

सेवेत उणिवाही आहेत. लेखी टिपण आठवड्यात देण्याचे कबूल करूनही त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला, आणि आले ते इंग्रजीत. मराठीत मागितल्यावर कनिष्ठ वकिलांनी घाईने केलेला तर्जुमा मिळाला, ज्यात जामीनदाराविषयीचा महत्त्वाचा परिच्छेदच गळाला होता. बैठकीत मॅडम कलमांचे क्रमांक इतक्या वेगाने सांगतात की सोबत लिहून घेणारे कोणी नसेल तर अर्धे निसटते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. शुल्काची पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही. बँकेशी तडजोडीची बोलणी त्या स्वतः करत नाहीत, आणि ज्यांना ती अपेक्षा आहे त्यांची येथे निराशा होईल.

एकंदर पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. जाताना प्रत्येक कर्जाचा करारनामा, जामीनपत्राची प्रत, आलेल्या नोटिसा आणि कोणाला कोरे धनादेश दिले आहेत त्याची यादी न्यावी. ज्यांना पाच हजारही परवडत नाहीत त्यांनी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. तेथे महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. मुंबईच्या हद्दीत राहणाऱ्यांनी मात्र येथे येऊन उपयोग नाही, कारण उच्च न्यायालयातील नादारीची प्रकरणे मॅडम घेत नाहीत.