सीओटू की ऐंशी-वीस? नटाच्या आट्यांवरून ठरलेला गॅस

मिग वेल्डिंगचा (यात वायर आपोआप पुढे सरकत वितळते) गॅस बदलायचा म्हणजे रेग्युलेटर बदलायचा, मशिनची सेटिंग नव्याने शोधायची आणि सिलिंडरमागे जास्त पैसे मोजायचे. म्हणून ‘सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर, चाललंय ना, मग चालू दे’ असं मीच मला बरीच वर्षं सांगत होतो. आता माझ्या मिग मशिनला बहुतेक वेळा ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटूचं मिश्रण लावलेलं असतं. या दोघांत अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. शुद्ध आर्गॉनचा विचार करूच नका. टिगला (टंगस्टनच्या टोकाने होणाऱ्या वेल्डिंगला) तो हवाच, पण मिगने साध्या स्टीलवर लावला तर आर्क (वितळवणारी ठिणगी) भरकटतो, बीड (वेल्डची रेघ) उंच निघतो आणि कडा खाल्ल्या जातात.

आधी सीओटू, कारण त्याची बाजू पडकी नाही. जाड प्लेटचा कोपरा असो, थोडी मिल स्केल (कारखान्यातूनच आलेला काळा थर) राहिलेली असो, तो मुकाट्याने आत शिरतो. त्याचं पेनिट्रेशन रुंद आणि गोलसर असतं, त्यामुळे टॉर्च (हातातली वेल्डिंगची बंदूक) जोडावरून जराशी सरकली तरी मूळ पकडलं जातं. स्प्रेवर, म्हणजे जास्त करंटला वायर बारीक थेंबांच्या फवाऱ्यासारखी सुटते तेव्हा, चालवलेलं मिश्रण मधोमध बोटासारखं खोल जातं आणि बाजूंना उथळ राहतं, तिथे हाताची चूक पोटात घातली जात नाही. शिवाय सीओटूवर टॉर्च थंड राहते. टॉर्चवर छापलेला अँपिअरचा मोठा आकडा बहुधा सीओटूसाठीचाच असतो. मिश्रणावर तीच टॉर्च किती लवकर तापते, हे मला हातमोज्यातून चटका बसला तेव्हा कळलं.

सीओटूच्या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत. सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो, वाफ होताना उष्णता ओढून घेतो आणि रेग्युलेटरवर बर्फ धरतो. हीटर लावला की भागतं. गेजचा काटा २० अंश तापमानाला ५७ बारच्या आसपास खिळलेला असतो. आतला द्रव संपला की मग भराभर खाली येतो, तोवर किती गॅस उरला हे वजन केल्याशिवाय समजत नाही. मिश्रण नुसता दाबलेला वायू असल्यामुळे तिथला काटा वापराप्रमाणे उतरतो. सोय आहे, पण एवढ्यासाठी मी गॅस बदलला नसता.

मला सवय झाली नाही ती स्पॅटरची, म्हणजे उडणाऱ्या वितळलेल्या दाण्यांची, आणि तीही एकाच ठिकाणच्या. प्लेटवर पडलेले दाणे छन्नीने निघतात, त्याचं काही नाही. माझ्या कामात मात्र चौकटींवर एम८ आणि एम१० नट जोडायचे असतात. सीओटूत वायरच्या टोकाला थेंब मोठा, वेडावाकडा फुगतो आणि फुटतो. त्यातला एखादा बारीक दाणा नटाच्या आट्यांत जाऊन बसतो. दिसत नाही. बोल्ट दोन आटे जातो आणि अडतो. जोर लावला तर आटे जातात, नाही लावला तर काम थांबतं. म्हणून प्रत्येक नटातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा. नटात जुना बोल्ट घालून वेल्ड करून पाहिलं, तर दाणे बोल्टलाच चिकटले आणि तो बाहेर काढणं हे आणखी एक काम झालं. अँटी-स्पॅटर स्प्रे जरा जास्त मारला की बीडमध्ये भोकं. मशिनवरची इंडक्टन्सची सेटिंग (करंट किती झपाट्याने वाढतो ती) वाढवून दाणे कमी झाले, संपले नाहीत. शेवटी एकदा रंगवायला निघालेल्या चौकटीतल्या नटात टॅपच मोडला. मोडलेला टॅप साध्या ड्रिलला दाद देत नाही. नट कापला, नवा लावला आणि दुसऱ्या दिवशी मिश्रणाच्या सिलिंडरची चौकशी केली.

फरक पडला का? तोलून-मापून पाहिलेलं नाही. एवढंच सांगतो की पूर्वी टॅपचं हँडल टेबलावर असायचं, आता ते खणात असतं. मिश्रणात थेंब लहान आणि शिस्तीत सुटतात. आर्गॉन ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर स्प्रेसुद्धा मिळतो, मात्र १.२ मिमी वायरला त्यासाठी अडीचशे अँपिअरच्या आसपास करंट लागतो. नटांना मी एवढा कधीच देत नाही. कमी करंटवरही दाणे उडतात, पण ते बारीक असतात आणि बहुतेक चिकटत नाहीत.

८०-२० की ८२-१८ की ७५-२५, यावर फार डोकं शिणवू नका. आयएसओ १४१७५ प्रमाणे ही तिन्ही एकाच एम२१ गटात बसतात, हाती लागेल ते घ्या. ९२-८ चा एक सिलिंडर मी वापरून पाहिला. स्प्रेवर बीड सुरेख आला, वर काचेसारखे तपकिरी तुकडेही कमी दिसले, त्यामुळे पावडर कोटिंगच्या कामाला तो बरा वाटला. पातळ पत्र्यावर आणि उभ्या जोडावर मला तो जमला नाही. कदाचित माझाच हात असेल.

भरीव वायर, म्हणजे ईआर७०एस-६, दोन्ही गॅसवर चालते. फ्लक्स-कोर्ड (आत पावडर भरलेली पोकळ) वायर असेल तर पाकिटावरच्या नावाचा शेवट पाहा. ई७१टी-१सी सीओटूसाठी, ई७१टी-१एम मिश्रणासाठी. अदलाबदल केली तर वेल्डमध्ये उरणारं मँगेनीज आणि सिलिकॉन बदलतं आणि पाकिटावरच्या ताकदीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

मिश्रणावर येताना व्होल्टेज दीड-दोन व्होल्टने उतरवा. मी पहिल्या दिवशी उतरवला नाही, बीड पसरट आला आणि कडेला अंडरकट (खाल्लेली खाच) पडला. सीओटूचा सिलिंडर परत केलेला नाही. जाड ब्रॅकेट आले की आजही तोच लावतो, फक्त त्यांवर नट असतील तर नाही.