नसलेल्या तड्याची दुरुस्ती

माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली ३५० सीसीची बुलेट मी गेले वर्षभर सहकारनगरमधील घराच्या पार्किंगमध्ये पूर्ण उघडून पुन्हा बांधत आहे. या कामात माझी फसवणूक झाली. घरी इंजिन उघडणाऱ्या कोणाच्याही वाट्याला हे येऊ शकते, आणि ते ओळखण्यासाठी लागणारे साहित्य घरातच असते, म्हणून सर्व हकीकत तपशिलाने लिहीत आहे.

या इंजिनाचा चेंबर, म्हणजे क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच), ओतीव ॲल्युमिनियमचा असतो आणि साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे धातूची एक बारीक, खरखरीत कड उरते. अशा कडेचा कण सुटून तेलात गेला तर तो थेट बेअरिंगपर्यंत पोहोचतो, म्हणून मी दोन महिने रोज रात्री कानशीने या कडा काढत होतो. कानशीच्या दातांत खडू चोळला की ॲल्युमिनियम अडकत नाही, ही युक्ती शेजारच्या काकांनी सांगितली. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या एका फाउंड्रीत गेली आहे. इंजिन ऑइलची टाकी चेंबरच्याच मागच्या भागात ओतलेली असते. तिच्या तळाशी, माउंटिंगच्या बोल्टजवळच्या कोपऱ्यात कानस पोहोचत नव्हती, म्हणून तेथील कड मी तशीच सोडली.

आतील जुना मळ आणि बाहेरचा काळेपणा हाताने निघेना, तेव्हा ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक दाणे मारून सफाई, करून देणाऱ्या एका शेडमध्ये चेंबरचे दोन्ही भाग नेऊन दिले. काचेच्या बारीक मण्यांनीच ब्लास्टिंग करू, तेलाची सर्व भोके बुचांनी बंद करू आणि गॅस्केटच्या (दोन भागांमधल्या पातळ पट्टीच्या) जागांवर टेप लावू, असे मालकाने तोंडी कबूल केले. १८०० रुपये ठरले. मी पावती मागितली नाही, आणि देण्यापूर्वी भागांचे फोटोही काढले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “साहेब, साफ केल्यावर टाकीच्या तळाला तडा दिसतोय, आर्गन वेल्डिंग मारावं लागेल. नाहीतर गाडी रस्त्यावर तेल सोडेल.” पाठोपाठ एक फोटो आला. त्यात एक काळी रेघ इतक्या जवळून टिपलेली होती की ती चेंबरच्या नेमक्या कोणत्या जागेची आहे, हे समजत नव्हते. मी घाबरलो, प्रत्यक्ष जाऊन न पाहता होकार दिला आणि वेल्डिंगचे आणखी २५०० रुपये कबूल केले.

हाती आलेला चेंबर सुंदर दिसत होता, कारण त्याला आतून-बाहेरून चंदेरी रंग मारलेला होता. तो मी सांगितलेला नव्हता. “ॲल्युमिनियम काळं पडू नये म्हणून मारला,” असे उत्तर मिळाले आणि मी पैसे देऊन घरी आलो.

आठवड्याने वेल्डिंगची जागा थोडी उंच वाटली, म्हणून तेथे चिंचोळी कानस घातली. वेल्डिंगवर कानस चालवली की चकचकीत धातूचा किस पडतो. माझ्या हातावर करड्या रंगाची मऊ भुकटी पडली. काकांना बोलावले. त्यांनी भुकटी बोटांत चोळली, नखाने त्या जागेवर ओरखडा काढला आणि म्हणाले, “अरे, हे वेल्डिंग नाही, लांबी (पुट्टी) भरली आहे.” थिनरने रंग पुसून आणि लांबी खरवडून पाहिली, तर खाली मी सोडून दिलेली साच्याची तीच कड निघाली. खरा तडा वेडावाकडा जातो आणि त्याच्या कडा धारदार असतात; ही रेघ सरळ होती, उंचवट्याची होती आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूलाही तशीच होती. तरीही खात्रीसाठी बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावली, ती वाळू दिली आणि आतून रॉकेल लावले. तडा असता तर रॉकेल त्यातून झिरपून पांढऱ्या खडूवर रेघ उमटली असती. रात्रभर ठेवूनही खडू कोरा राहिला.

२५०० रुपयांपेक्षा मोठे नुकसान दुसरेच होते. पंपाकडून तेल नेणाऱ्या भोकात सिरिंजने रॉकेल सोडून खाली पांढरे कापड धरले, तर कापडावर तपकिरी दाणे पडले. भिंगाखाली त्यांचे कोपरे धारदार दिसले. काचेचे मणी गोल असतात. म्हणजे दाणेही वेगळे वापरले होते आणि भोकेही बंद केलेली नव्हती. गॅस्केटच्या जागाही खरखरीत झाल्या होत्या. हे दाणे चुंबकाला लागत नाहीत, त्यामुळे नुसता चुंबक फिरवून समाधान मानू नये. या इंजिनाच्या बिग एंडमध्ये, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो त्या टोकात, फिरता बुश (नळीसारखे बेअरिंग) असतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर चालतो. त्या थरात असे दाणे गेले तर नवा बुश पाहता पाहता खराब होतो.

मी चेंबर घेऊन परत गेलो, तेव्हा रंग मी स्वतः काढला असल्याने आता जबाबदारी आपली नाही, असे मालकाने सांगितले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी २ वर्षांची मुदत असते, पण माझ्याकडे पावती नाही. केवळ तो फोटो आणि पैसे पाठवल्याची मोबाइलमधील नोंद आहे. आपण काम देताना दाणा कोणता वापरणार आणि भोके कशी बंद करणार, हे पावतीवर लिहून घ्या, तडा सांगितला तर वेल्डिंगपूर्वी स्वतः जाऊन खडू-रॉकेलची परीक्षा करा, आणि रंग मारलेला भाग ताब्यात घेऊच नका.

आतापर्यंत तेलाची भोके चार वेळा धुऊन झाली आहेत. काल रात्री कापडावर दोन दाणे पडले, म्हणून बुश अजून खोक्यातच ठेवला आहे.